अपेक्षांचा मेनू कोणी बंद करायचा

मी इंजिनियर नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी शोध लावल्यासारखं करायला नको. सिंदी रेल्वेत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. प्रोग्राम लिहायला मी स्वतःच शिकलो. गुरू कोण म्हणाल तर स्क्रीनवर लाल अक्षरांत येणाऱ्या चुका. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही, पण माझं सर्टिफिकेटही कधी मागितलं नाही. कोणाला यात हसण्यासारखं वाटत असेल तर त्यांनी खुशाल हसावं आणि पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म दुसरीकडे भरावेत.

तर आमच्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. दर हिवाळ्यात वर्ध्याजवळ नालवाडीच्या एका मंगल कार्यालयात भरतो. आजवर त्याचं एक जाडजूड पुस्तक निघायचं. फोटो एकाचा, माहिती दुसऱ्याची, आणि मोबाइल नंबर बहुधा छापखानेवाल्याच्या साळ्याचा. गेल्या वर्षी त्या पुस्तकामुळे एक सोयरीक जवळजवळ ठरली आणि मग कळलं की दोन्हीकडून मुलीच आहेत. म्हणून मंडळानं ठराव केला की यंदा कॉम्प्युटर.

मंडळाचे अध्यक्ष महादेवराव. बी-बियाण्यांचा व्यापार. बोलतात कमी, खाकरतात जास्त, आणि त्यांच्या खाकरण्याचा अर्थ सचिव लिहून घेतो. सचिव म्हणजे गजेंद्र. हा खरा इंजिनियर. नागपूरला कंपनीत असतो आणि मामाच्या तेरवीलासुद्धा गळ्यात ओळखपत्र घालून येतो. त्यानं बैठकीत सांगितलं, माझ्या ओळखीची एक कंपनी आहे, ती प्रोग्राम करून देईल. मी मागच्या सतरंजीवरून म्हणालो, "कायले पाहिजे नागपूरची कंपनी? मी करतो."

महादेवराव खाकरले नाहीत. त्यांनी वळून पाहिलं आणि म्हणाले, "तू?"

एवढंच. पण तो 'तू' माझ्या दुकानाच्या पाटीवरून, माझ्या बारावीच्या मार्कांवरून, आमच्या बाबांच्या शेतात मळलेल्या टोपीवरून फिरून आला होता. त्या क्षणी मी ठरवलं की मेळाव्यात पडद्यावर चालेल तो माझाच प्रोग्राम, आणि खाली माझंच नाव असेल. नाहीतर जन्मभर मी या लोकांचा झेरॉक्सवालाच राहीन.

प्रोग्राम तसा साधा होता. सगळ्या पोरापोरींची माहिती भरायची. मग कोणाच्याही नावावर माउसचं उजवं बटन दाबलं की एक मेनू उघडणार, त्यात अपेक्षांची यादी. शिक्षण, उंची, नोकरी, शेती, गाव. पाहिजे त्यावर टिचकी मारून बरोबरची खूण करायची. बाजूला जुळणाऱ्या स्थळांची नावं येणार. मी तो लिहिला, खुर्ची मागे सरकवून स्वतःच पाहिला, आणि जयाला, म्हणजे आमच्या घरच्यांना, चहा टाकायला सांगितला. ती म्हणाली, "आधी कोनाले तरी वापरून पाहू दे, मंग चहा." बायकोचा स्वभावच असा, आनंद मुरू देत नाही.

पहिल्या वापरायला आल्या शेजारच्या विमलाबाई. त्यांची अंजू लग्नाची. काकू दोन वर्षं झाली स्थळं पाहून राहिल्या आहेत, त्यामुळे अपेक्षांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं तालुक्यात कोणी नाही. मी त्यांना खुर्ची दिली, माउस दिला. त्यांनी माउसला आधी नमस्कार केला, मग 'नोकरी पाहिजे' वर टिचकी मारली. खूण झाली आणि मेनू बंद झाला.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "झालं?"

"नाही काकू, परत उघडा, दुसरी अपेक्षा टाका."

"मंग बंद काऊन झाला?"

"त्याचा स्वभावच आहे तो. एक निवडलं की बंद होते."

इथे एक शास्त्रशुद्ध गोष्ट सांगणं भाग आहे. कॉम्प्युटरमधला मेनू ज्यांनी कोणी जन्माला घातला, त्यांची समजूत अशी की माणसाला एका वेळी एकच गोष्ट पाहिजे असते. मागितली, मिळाली, निघा. ते लोक आमच्याकडे कधी सोयरीक पाहायला आलेले नसावेत.

काकू रागानं उठल्या. त्यांचा समज झाला की मंडळानं यंदा माणशी एकच अपेक्षा ठेवली आहे. संध्याकाळपर्यंत ही बातमी स्टेशनपासून बाजारापर्यंत गेली, तिथून कोणाच्या तरी मोबाइलवर बसून हिंगणघाटला उतरली. मला फोन येऊ लागले. एक बाई म्हणाल्या, "आमी वर्गनी भरली, आन अपेक्षा एकच? पोरीनं शिकलेला पाहावा का निर्व्यसनी पाहावा? दोन्ही नाई पाहायचं?" एक गृहस्थ तर म्हणाले की एकच द्यायची असेल तर आम्ही आमची शेजाऱ्याला देतो, पण आमच्या पोराला त्याच्या दोन द्या. महादेवरावांनीही फोन केला. यावेळी खाकरले.

मी मुळाशी जायचं ठरवलं. आधी एक जुगाड केलं. मेनू बंद झाला की प्रोग्रामनं लगेच तो पुन्हा उघडायचा. मला वाटलं, एवढ्या झटकन होईल की कोणाला कळणार नाही. काकूंना विनंती करून परत आणलं. त्यांनी 'नोकरी' वर टिचकी मारली, मेनू लुकलुकला. 'निर्व्यसनी' वर मारली, पुन्हा लुकलुकला. काकूंनी पदर सावरला.

"कैलास, हा मले डोळा मारून राह्यला."

"काकू, तो मेनू आहे."

"कोनी का असेना. मी बासष्टीची बाई आहो."

जया आतून हसली. तिचं हसणं मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण ते प्रोग्राममध्ये कुठे तरी लागलं.

मग मी दुसरं टोक गाठलं. मेनूला एक गुण असतो, आपोआप बंद होण्याचा. तो मी काढून टाकला. आता कितीही खुणा करा, मेनू हलत नाही. काकूंनी पोटभर अपेक्षा टाकल्या, पाणी पिऊन आल्या, पुन्हा टाकल्या. 'शेती पाहिजे' वर खूण केली आणि त्याच्याच खाली 'शेतकरी नको' वरही केली. मी विचारलं, "काकू, शेती आहे आणि शेतकरी नाही, असं कसं?" त्या म्हणाल्या, "शेती सासऱ्यानं करावी." हे दोन्ही ज्या घरात बसतात अशी घरं आमच्या जिल्ह्यात आहेत, नाही असं नाही, पण त्यांना मेळाव्याला यावं लागत नाही.

अपेक्षा संपल्या आणि काकू घरी गेल्या. मेनू मात्र गेला नाही.

त्याचा बंद होण्याचा गुणच मी काढला होता, आणि बंद करायची दुसरी सोय ठेवायला विसरलो होतो. शिवाय मेनूची एक खोड असते, तो सगळ्याच्या वर बसतो. तुम्ही दुसरं काहीही उघडा, तो त्याच्या छातीवर. माझं दुकान चालू होतं. लोक सातबारा काढायला येत होते, आणि सातबाऱ्याच्या मधोमध 'रंग: गोरा, निमगोरा, चालेल' अशी पाटी. प्रोग्राम पुन्हा सुरू केला तर काकूंच्या खुणा जातील आणि त्या पुन्हा नाराज होतील, म्हणून मी तसाच दामटला. ही माझी चूक होती असं लोक म्हणतात. मी म्हणतो, ती माझी माणुसकी होती.

अशात आमच्या आळीतले बापूजी आले. निवृत्त मास्तर. पेन्शनीसाठी दर वर्षी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो, तो भरायला. साइटवरचं छपाईचं बटन नेहमीप्रमाणे मेलेलं होतं, म्हणून मी स्क्रीनचाच फोटो काढून कागदावर छापला. घाईत मीही पाहिलं नाही, बापूजींचा चष्मा घरी होता. तो कागद घेऊन ते कार्यालयात गेले. तिथल्या बाबूनं वाचलं. वर बापूजींचं नाव, खाली 'हयात आहेत', आणि मध्ये ठळक अक्षरांत 'पुनर्विवाह चालेल', त्यापुढे बरोबरची खूण.

बाबू म्हणाला, "मास्तर, हयात आहा ते दिसून राह्यलं. पण हे काय?"

बापूजींना विधुर होऊन बरीच वर्षं झाली. बाबूनं साहेबांना विचारलं, साहेबांनी नियमाचं पुस्तक मागवलं, आणि ठरलं की पुनर्विवाह झालेला नाही आणि यापुढेही करणार नाही असं स्टॅम्प पेपरवर लिहून आणा. बापूजी तिथून तडक माझ्या दुकानात.

"झाला नाई, हे लिहून देतो," ते म्हणाले. "पन करनार नाई, हे मी कायले लिहून देऊ? माया पेन्शनीचा आन त्याचा काय संबंध?"

"बरोबर आहे, बापूजी."

"मी देत नाई लिहून. जा सांग त्याईले."

मी गेलो. माझ्याच मेनूमुळे एका सज्जन माणसाला लग्नाचा हक्क सोडावा लागत होता, हे मला चालणार नव्हतं. साहेबांना मी मेनू म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे हा कागद खरा नाही?" मी म्हणालो, खरा आहे, फक्त त्याच्यावर दुसरं काही बसलं आहे. ते म्हणाले, खऱ्या कागदावर दुसरं काही बसलं की तो खोटा होतो. या वाक्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण बापूजींची पेन्शन त्यांच्या हातात होती. शेवटी नवा कागद छापून दिला. पण तोवर बापूजींच्या मुंबई-पुण्याच्या पोरांना खबर गेली होती. दिवाळीलाही न आलेली दोघंही सहकुटुंब येऊन राहून गेली. बापूजी मला अजून चिडलेले दाखवतात, पण मधूनच विचारतात, "तो कागद आहे का तुयाजवळ, पहिला?"

या प्रकरणावर गजेंद्रनं मला फोन करून सल्ला दिला. "कैलासभाऊ, तुमचं बेसिकच क्लिअर नाही. आर्किटेक्चर चुकलं आहे." मी म्हटलं, मग सांग ना मेनू केव्हा बंद करायचा. तो म्हणाला, ते टीमला विचारावं लागेल. मी फोन ठेवला. ज्या माणसाला मेनू बंद करायला टीम लागते त्याच्याकडून मी आर्किटेक्चर शिकणार नाही.

स्वतःच खोदत बसलो, आणि एक दिवस मला ते सापडलं. मेनू बंद होण्याच्या अगदी आधी प्रोग्रामला एकदा विचारतो, होऊ का बंद? आणि नुसतं विचारत नाही, कारणही सांगतो. एखादी वस्तू निवडली म्हणून. कोणी मेनूच्या बाहेर टिचकी मारली म्हणून. दुसऱ्या खिडकीकडे लक्ष गेलं म्हणून. कळफलकावरची कळ दाबली म्हणून. किंवा प्रोग्रामनंच बंद व्हायला सांगितलं म्हणून. ही पाच कारणं. आणि प्रत्येकाला आपण नाही म्हणू शकतो. मला भरून आलं. आमच्या मंडळात एवढी वर्षं बैठका होतात, कोणी उठून जाताना कारण सांगितलेलं नाही.

आता नाही कशाला म्हणायचं, हा प्रश्न होता. वस्तू निवडली म्हणून बंद व्हायचं, याला तर नाहीच. बाहेरच्या टिचकीला मी आधी हो म्हटलं होतं. पण चाचणीला आमचे बाबाच बसले, समीक्षासाठी. समीक्षा माझी धाकटी बहीण, हिंगणघाटला एका जिनिंगच्या प्रयोगशाळेत कापसाचा धागा तपासते. बाबा खुणा करत होते. तिनं हात लांबवून माउस घेतला, "बाबा, हे नको," म्हणून. बाबांनी परत ओढला. त्या ओढाओढीत टिचकी बाहेर पडली आणि मेनू मिटला. बाबा म्हणाले, "झालं माया अपेक्षा टाकून." समीक्षा म्हणाली, "माया कुठी झाल्या?"

मी प्रोग्राम करणारा माणूस. मला फक्त मेनू केव्हा बंद करायचा ते शोधायचं होतं. पण या वाक्यानंतर मला केव्हा हा प्रश्न राहिलाच नाही. कोणी, हा राहिला.

पाचपैकी चार कारणांना मी नाही म्हटलं. पाचवं ठेवलं. मेनूच्या तळाशी 'झालं' असं एक बटन. ते दाबलं की एक परवलीचा शब्द मागणार, आणि तो शब्द ज्याचं लग्न ठरवायचं आहे त्यानं मेळाव्यात स्वतः कॉम्प्युटरवर बसून टाकलेला असणार. आईनं, बापानं, मामानं, अध्यक्षानं कितीही खुणा कराव्यात. मिटवणार ज्याचं त्यानंच.

मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तर असा गोंधळ झाला की बाजूच्या खोलीतली आरती थांबली. एक म्हणाले, मायबापाचं काय मग काम. दुसरे म्हणाले, पोट्ट्यांना काय समजते. महादेवराव म्हणाले, "परवलीचा शब्द अध्यक्षाजवळ राहीन. कोनाच्या अपेक्षा केव्हा बंद करायच्या ते मंडळ पाहीन." गजेंद्रनं मान डोलावली, ओळखपत्रासकट.

मी म्हणालो, "तसा प्रोग्राम मी लिहत नाई."

"मंग नागपूरची कंपनी लिहीन."

"लिहू द्या."

नागपूरच्या कंपनीनं मंडळाला पत्र पाठवलं. मंडळाच्या नोंदणीची प्रत पाठवा. मंडळानं पाहिलं तर नोंदणीचं नूतनीकरण राहून गेलेलं. नूतनीकरणाला गेले तर कार्यालय म्हणालं, अध्यक्षांची सही जुन्या सहीशी जुळत नाही. महादेवरावांनी सही बदलली होती, कारण मध्यंतरी एका ज्योतिषानं त्यांना शेवटची रेघ वर न्यायला सांगितली होती. मग म्हणे तुम्ही तेच महादेवराव आहात हे सांगणारे दोन प्रतिष्ठित नागरिक आणा. प्रतिष्ठित म्हणून सगळ्यांत आधी ज्यांच्याकडे गेले ते बापूजी. बापूजींनी त्यांना स्टॅम्प पेपरबद्दल त्यांचं मत ऐकवलं आणि चहासुद्धा विचारला नाही.

मेळावा तोंडावर आला तेव्हा महादेवरावांचा फोन आला. "लाव बाबा तुयाच."

"माया अटीवर."

खाकरणं आलं, बराच वेळ चाललं. मग म्हणाले, "लाव."

मेळाव्याला कार्यालय खचाखच भरलं होतं. फेट्यांची, शालूंची, अत्तराची गर्दी. व्यासपीठावर मोठा पडदा, त्यावर माझा प्रोग्राम, आणि तळाशी ओळ: प्रोग्राम, कैलास रूपराव, सिंदी (रेल्वे). मी ती तीन वेळा दुरून वाचली. सुरुवातीला मंडळानं शाल-श्रीफळ देऊन तांत्रिक मार्गदर्शक म्हणून गजेंद्रचा सत्कार केला. मी टाळी वाजवली नाही. माझ्या बाजूला बसलेल्या जयानं वाजवली, आणि मी पाहिलं तसं म्हणाली, "माशी होती."

पहिल्यांदा आमच्याच घरचं नाव लागलं, कारण बाकी कोणी पुढे यायला धजेना. समीक्षा कॉम्प्युटरपाशी बसली, तिनं तिचा परवलीचा शब्द टाकला. बाबांना वाटलं, ती मोबाइल नंबर टाकते आहे. मग बाबांनी माउस घेतला.

पडद्यावर डावीकडे मेनू, उजवीकडे जुळणाऱ्या पोरांची नावं. समोर सगळा समाज. बाबांनी 'पदवीधर' वर खूण केली. नावं थोडी कमी झाली. 'सरकारी नोकरी' वर केली. नावं भराभर गळाली. प्रत्येक नावासोबत सभागृहात कुठे तरी एक बाप खुर्चीत खाली सरकत होता. 'पुणे किंवा मुंबई' वर केली, दोन-तीनच राहिली. आणि मग बाबांनी सवयीनं 'शेतकरी नको' वर टिचकी मारली.

पडदा रिकामा झाला. उरलेल्या पोरांच्या घरीही शेतकरीच होते. मागून कोणी तरी म्हणालं, "रूपराव, तुमी काय करता मंग?"

लोक हसले. बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांनी 'झालं' दाबलं. प्रोग्रामनं शब्द मागितला. बाबांनी समीक्षाकडे पाहिलं.

"आता थांबा बाबा," ती म्हणाली. "माया व्हायच्या आहे."

तिनं माउस घेतला आणि बाबांच्या सगळ्या खुणा एक-एक करून काढल्या. नावं परत येऊ लागली. पुण्याच्या खुणेवर कोणी खोकलं, शेतकऱ्याच्या खुणेवर मागे टाळ्या पडल्या. पडदा पुन्हा भरला. मग ती यादीच्या खाली खाली गेली. मंडळाच्या फॉर्मवर एक ओळ असते, फॉर्म कोणी भरला. ती ओळ कोणी वाचत नाही, पण भरतात सगळेच, म्हणून मीही ती मेनूत घेतली होती. समीक्षानं तिथल्या 'स्वतः' वर खूण केली.

सगळी नावं गेली. एकही राहिलं नाही. आमच्या समाजातल्या झाडून सगळ्या लग्नाच्या पोरांचे फॉर्म त्यांच्या वडिलांनी, नाहीतर मामांनी भरलेले होते.

समीक्षानं रिकाम्या पडद्याकडे पाहिलं, माउस खाली ठेवला आणि उठली. "मी जेऊन येते," म्हणाली. "बंद नका करू."

महादेवराव व्यासपीठावरून खाली आले. त्यांनी बाहेर टिचकी मारून पाहिली. कळफलकावरच्या कोपऱ्यातल्या कळा दाबल्या. गजेंद्रला बोलावलं, त्यानं वाकून पाहिलं आणि टीमला फोन लावायला बाहेर गेला. तो नंतर दिसला नाही, शालीसकट.

"कैलास, बंद कर हे."

"नाही करत."

"तुले येत नाई का करता?"

"येते. करत नाही."

"लाइट बंद करा रे," महादेवराव म्हणाले. मी जाऊन बटनांच्या फळीला पाठ लावून उभा राहिलो. मला मारामारी येत नाही, पण मी रुंद आहे. तेवढ्यात बाबा उठले. मला वाटलं, आता हे मला हाताला धरून बाजूला करतील. ते माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुया प्रोग्रामात चूक तं नाई ना?"

"नाई बाबा."

"मंग राहू दे," म्हणाले, आणि माझ्या बाजूला फळीला पाठ लावून उभे राहिले. एवढ्या लोकांसमोर त्यांची टोपी हसण्यावारी गेली होती, पण ती आता सरळ होती.

आणि मग नोंदणीच्या टेबलापाशी काही हललं. एक उंच पोरगा कोरा फॉर्म मागत होता. त्याच्या मागे दुसरा. मग रांगच लागली. तिशीतले, पस्तिशीतले, मिशा असलेले, टक्कल पडू लागलेले पुरुष पेन घेऊन खिडकीच्या कठड्यांवर, एकमेकांच्या पाठींवर कागद ठेवून फॉर्म भरत होते. एकानं दुसऱ्याला विचारलं, "आवड मंजे काय लिवायचं बे?" दुसरा म्हणाला, "मले कोनी इचारलंच नव्हतं आजवर." टेबलाशी आता जया जाऊन बसली होती, ती फॉर्म घेऊन तिथल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकत होती, आणि मोकळ्या पडद्यावर एक-एक नाव उगवत होतं. प्रत्येक नावाला मागून टाळी पडत होती. विमलाकाकू पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या आणि अंजूला सांगत होत्या, कोणाचं अक्षर सुबक आहे ते पाहून ठेव.

रांगेत महादेवरावांचा पोरगा अंकुश होता. महादेवरावांनी त्याला तिथूनच हाक मारली.

"तुया फॉर्म भरला ना मी."

"हाव," अंकुश म्हणाला. "त्यात काय लिवलं ते मले माईत नाई."

"सरकारी नोकरी लिवलं."

"कोन्ती?"

महादेवराव खाकरले, पण लिहून घ्यायला गजेंद्र नव्हता. ते माझ्याकडे वळले. आवाज उतरला होता. "हे बंद केव्हा होईन? बाकीच्या लोकाईचे नंबर आहे."

"समीक्षाले विचारा."

मला वाटलं, विचारणार नाहीत. पण ते गेले. जेवणाच्या मांडवात पंगत बसली होती. समाजाचे अध्यक्ष, कोसा सिल्कच्या झब्ब्यात, माझ्या बहिणीच्या पत्रावळीसमोर उभे राहिले. बाजूच्या बायका वाढता वाढता थांबल्या. समीक्षानं घास संपवला, पाणी प्यायली आणि मान वर केली.

"बसा ना काका," ती म्हणाली. "मले अजून कढी घ्यायची आहे."

महादेवरावांनी आजूबाजूला पाहिलं. मग झब्बा सावरून, गुडघ्यावर हात टेकून, ते पंगतीत बसले.